वजनाचा हिशोब

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या स्टेशनावर उन्हाळ्यात मराठी कानावर पडतेच. ३४५४ मीटर उंचीवर गाडीतून उतरलेली सहलीची मंडळी स्वेटरवर स्वेटर चढवून फोटो काढत होती. आमच्या कमरेचे पट्टे आणि दोर बघून एका काकूंनी विचारलं, "कुठे गं निघालात?"

"खाली. हिमनदीवरून चालत."

"अगं, एवढं महागाचं तिकीट काढून वर आलात आणि आता चालत खाली?"

काकूंचं चुकत नव्हतं. गाइड पुढे, मागे आम्ही तिघी मैत्रिणी, मधला दोर ताणलेला; अशा वरातीनं ‘आलेच’ (Aletsch) नावाच्या हिमनदीवर उतरलो. ही आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी. भेगा चुकवत काही तास चाललं की बर्फाचे मोठमोठे प्रवाह एकत्र येतात ती जागा लागते, आणि डावीकडच्या कड्यावर काँकॉर्डिया हट, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाचं घर, दिसते. दिसते खरी, पण फारच वर.

ही हट १८७७ साली बांधली, तेव्हा ती बर्फापासून साधारण पन्नास मीटर उंचीवर होती. हट जागची हललेली नाही. बर्फच इतका खाली बसला, की आता कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. बर्फ आणखी उतरला की जिना खालून वाढवायचा. ते लोखंड आणायचं हेलिकॉप्टरनं, कारण इथे रस्ताच नाही.

या एका गोष्टीवर हटचा सगळा संसार चालतो. बटाटे, गॅस, बिअर, सगळं उडत येतं. त्यामुळे दर बघून डोळे विस्फारले तरी वाद घालायची सोय नाही. पाणी तर बर्फ वितळवून मिळतं, म्हणून पिण्याचं पाणी विकत. चादर नाही, घोंगडी आणि उशी हटची, पण आत शिरायला रेशमी पातळ पिशवी प्रत्येकानं आपापली आणायची. रोज पन्नास चादरी कोण धुणार आणि कशानं? बूट दारातच काढायचे आणि हटच्या सपाता घालायच्या. मापाचा जोड मिळाला तर तुमचं नशीब.

मला पूर्वीचा राजगडावरचा मुक्काम आठवला. पद्मावतीच्या देवळात पथारी, पाणी टाक्यातलं, स्वयंपाकाचं सामान आपल्याच पाठीवर. पण आपल्या गडांवर ताक-सरबत विकणाऱ्या मावशी रोज पहाटे डोक्यावर ओझं घेऊन चढतात, त्यांच्याशी मात्र आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. हेलिकॉप्टरपुढे निमूट पैसे मोजणारे आपणच. मावशींना पंखा नाही, आवाज नाही, म्हणून भाव कमी, एवढंच कारण असावं.

जेवण ठरल्या वेळी, लांब बाकांवर, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून. सूप, मग पुढचं ताट. काय ते विचारायचं नाही, येईल ते खायचं. हट सांभाळणारी बाई येऊन टेबलाटेबलावर विचारत होती, उद्या कुठे जाणार आणि किती वाजता उठणार. वहीत नाव, पुढचा मुक्काम लिहायचा. हा शिष्टाचार नव्हे. कोणी पोचलं नाही, तर शोध कुठून सुरू करायचा ते वहीवरून कळतं.

दहाला सामसूम. एकाच लांबलचक फळीवर ओळीनं गाद्या, डावीकडे मैत्रीण, उजवीकडे एक धिप्पाड दाढीवाले आजोबा. घोरण्याला देशाचं बंधन नसतं, पण आजोबांचं घोरणं शिस्तशीर होतं, ठरावीक लयीत. खरा गुन्हा प्लास्टिकच्या पिशव्यांचा. शिखरावर जाणारे पहाटे तीनला उठतात; त्यांतल्या जाणत्यांनी सॅक रात्रीच भरून ठेवलेली असते. एक नवखा मात्र अंधारात बराच वेळ चुरचुर करत राहिला, आणि चार भाषांमधून एकच सुस्कारा निघाला.

सकाळी पाव, मुरंबा आणि वाटेसाठी थर्मासमध्ये गोड चहा. कचरा ज्याचा त्यानं खाली न्यायचा. आमच्या पिशवीत चॉकलेटचे कागद, संत्र्याची सालं आणि एका मैत्रिणीनं आंघोळीच्या आशेनं आणलेली शॅम्पूची बाटली होती. आंघोळ तिथे नसतेच, त्यामुळे बाटली भरलेलीच. ती कचरा धरायची की सामान, यावर जिना संपेपर्यंत आमचं एकमत झालं नाही.