बॅशच्या बिल्ट-इन, आठवडा तिसरा: 'हेल्प'ची तळाची ओळ

बॅश म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल, आणि बिल्ट-इन म्हणजे त्याच्या पोटातच असलेल्या कमांड. रोज रात्री जेवण झालं की एक बिल्ट-इन, तिची माहिती दाखवणारी 'हेल्प' लावून अथपासून इतिपर्यंत. 'कॉम्पजेन -बी' मारलं की साठेक नावं येतात. त्यातली सतरा झाली. बैलगाडीचा वेग आहे, पण घाई कुणाला आहे?

आधी गंमत. 'मॅन इको', म्हणजे दिलेला मजकूर छापणाऱ्या इकोचं माहितीपान, वाचून हुरूप आला म्हणून 'इको --हेल्प' मारलं. बॅशने निर्विकारपणे '--हेल्प' एवढंच छापलं! मॅन पान आहे बिन फोल्डरमधल्या इको फाइलचं, आणि आपण टाइप केल्यावर चालते ती शेलच्या पोटातली. 'टाइप -ए इको' मारा, दोघी एकीखाली एक दिसतील, बिल्ट-इन वर. तुमच्या शेलची स्वतःची इको असू शकते, असं त्या मॅन पानातच लिहिलंय. इतकी वर्षं तिथवर पोचायच्या आधीच मी 'क्यू' दाबून पान बंद करत आलो.

आता या आठवड्याचा खरा ऐवज: 'लोकल', फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणारी. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवायची माझी एक स्क्रिप्ट आहे. वर 'सेट -ई' लावलेलं, म्हणजे काही फसलं की तिथेच थांबायला हवं. परवा कार्ड घालायलाच विसरलो, तरी स्क्रिप्ट म्हणते 'सगळे फोटो उतरवले'. ओळ अशी होती:

लोकल यादी=$(फाइंड "$कार्ड" -टाइप एफ)

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा परत देते: शून्य म्हणजे यश, दुसरं काहीही म्हणजे अपयश. फोल्डरच नाही म्हटल्यावर फाइल शोधणारं फाइंड फसलं, एक परत दिला. पण त्या ओळीची मालकीण 'लोकल'. तिचं काम नाव जाहीर करणं, ते झालं, तिने शून्य दिला. फाइंडचा एक गिळला गेला. 'हेल्प लोकल'च्या तळाशी हे स्वच्छ लिहिलंय: पर्याय चुकला, व्हेरिएबलला किंमत देताना एरर आली किंवा फंक्शनच्या बाहेर वापरलं, तरच अपयश, एरवी यशच. उपाय दोन ओळींचा: आधी नुसतं 'लोकल यादी', मग खाली 'यादी=$(…)'. आता कार्ड नसलं की स्क्रिप्ट तिथल्या तिथे मरते.

आकडेमोड करणाऱ्या 'लेट'ची खोड नेमकी उलटी. आय हे व्हेरिएबल शून्य असताना 'लेट आय++' केलं की आय एक होतो, पण त्या पदावलीची किंमत जुनी, म्हणजे शून्य. आणि किंमत शून्य आली तर लेट एक परत देते. 'सेट -ई' चालू असेल तर पहिल्याच फोटोला स्क्रिप्ट गप्प आडवी, ना एरर ना काही. मी आता सरळ आय=$((आय+1)) लिहितो. दिसायला बाळबोध आहे, असू दे.

'शिफ्ट', 'ट्रू', 'फॉल्स' एका बैठकीत उरकल्या.

काल रात्री एकेक ओळ वाचणारी 'रीड' उघडली. फाइलचा शेवट आला की ती शून्य देत नाही, मग हातात अर्धी ओळ आलेली असली तरी. म्हणजे शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल, तर 'व्हाइल रीड'चं लूप ती ओळ वाचतं आणि तशीच टाकून देतं. आमच्या सोसायटीच्या वर्गणीच्या यादीतून दर वेळी शेवटचं घर का गळायचं, ते आत्ता कळलं. अट बदलून 'रीड -आर ओळ || [ -एन "$ओळ" ]' केली, म्हणजे रीड फसली तरी हातात काही आलेलं असेल तर ती ओळ घ्यायची. काल पहिल्यांदा सगळी घरं आली.