मैनेसोबत मल्हारगड : पहिल्या चढाईच्या तयारीच्या नोंदी

पावसाळा सरताना

मैना ही आमची गावठी कुत्री. वय तीन वर्षांच्या आसपास, वजन सोळा किलो, अंगकाठी सडपातळ आणि पाय लांब. तिच्या दमसासाविषयी मला कधीच शंका नव्हती. काळजी वेगळीच आहे. कुत्रा आपल्या माणसामागे पाय भरून येईपर्यंत चालत राहतो आणि दमल्याचे कळू देत नाही, त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठून माघारी फिरायचे हे माणसालाच, तेही त्रास दिसू लागण्याच्या आधी, ठरवावे लागते. या हंगामातली सारी तयारी मी त्याच दृष्टीने करीत आहे.

सर्वांत आधी किल्ला निवडला. सिंहगड घराजवळ असला तरी सुट्टीच्या दिवशीची गर्दी, वाटेवर पडलेले खाणे आणि आपापली हद्द राखणारी तिथली कुत्री पाहता पहिल्या खेपेला तो नको वाटला. भीमाशंकर, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई यांचा विचारच केला नाही, कारण तो सारा मुलूख अभयारण्याचा आहे आणि तिथे पाळीव कुत्रा नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. यात केवळ नियमाचा प्रश्न नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपरचा विषाणू रानटी मांसभक्षकांनाही जडतो आणि गीरमध्ये २०१८ साली झालेल्या सिंहांच्या मृत्यूंच्या तपासात हाच विषाणू आढळला होता. लस घेतलेला कुत्रासुद्धा आपल्या वासाने आणि भुंकण्याने जंगलातल्या जनावरांना जागचे हलवतो.

शेवटी सासवडजवळच्या सोनोरीचा मल्हारगड नक्की केला. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात बांधलेला हा किल्ला महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधला गेलेला किल्ला मानतात. आकार आटोपशीर, चढ लहान आणि वाटेत हातापायांनी चढावा लागेल असा कातळटप्पा नाही. सावली मात्र जवळजवळ नाहीच, आणि बाकीच्या सगळ्या हिशेबाचे मूळ तिथेच आहे. गडावर खंडोबाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. खंडोबाच्या मूर्तीसोबत कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, तेव्हा मैनेच्या पहिल्या गडासाठी मल्हाराचे नाव असलेले ठिकाण मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही तिला देवळात न नेता दर्शनाला आम्ही आळीपाळीने जाणार आहोत.

ऑक्टोबर

ही उन्हाची आणि गोचिडांची वेळ असल्यामुळे लांबच्या चालीला हात न घालता पशुवैद्यांकडची कामे उरकली. रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिसचा अंश असलेली एकत्रित लस वेळेवर झाली. लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात, म्हणून लस झाली तरी टाक्यातले किंवा डबक्यातले पाणी तिला पिऊ द्यायचे नाही हे पक्के आहे. गोचिडांसाठी पशुवैद्यांनी वजनाप्रमाणे तोंडावाटे द्यायची गोळी सुचवली. गोळी दिली तरी फिरून आल्यावर कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बोटे फिरवून तपासणी होतेच. गोचीडतापाची सुरुवात बहुधा सुस्ती, ताप आणि खाण्यावरची वासना उडणे यांनी होते. हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी गडद होऊ लागली, तर रक्ततपासणीला एक दिवसही उशीर करू नये.

ऑक्टोबर उलटून गवत वाळू लागले की कुसळांचा उपद्रव सुरू होतो, आणि ट्रेकच्या याद्यांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो म्हणून तो इथे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. कुसळी गवताच्या बीजाला भाल्यासारखे टोक आणि मागे पिळदार शेपटी असते. ओलावा लागला की शेपटीचा पीळ उलगडतो, सुकले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यामुळे बी जमिनीत शिरावे तसे कातडीतही शिरत जाते. माणसाच्या मोज्यात अडकलेले कुसळ उपटून टाकता येते, पण कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानात किंवा नाकपुडीत गेलेले कुसळ आत सरकून तिथे गळू धरू शकते. मैनेचे केस आखूड असल्याने शोधणे सोपे जाते. लांब केसांचा कुत्रा असेल त्यांनी पंजांमधले केस आधीच कापून घ्यावेत आणि बारीक दातांची फणी व चिमटा सोबत ठेवावा.

नोव्हेंबर

पहाटे वेताळ टेकडीवर जाणे सुरू केले. सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याच्या पंजांच्या गाद्या खडबडीत मुरमासाठी तयार नसतात, त्या हळूहळू कणखर होतात, म्हणून सुरुवातीला चढ थोडा आणि दगडी वाट आणखी थोडी ठेवली. आता गाद्या जाडसर आहेत आणि त्यांवर भेग किंवा सोललेली जागा नाही. उतरताना पुढच्या पायांवर भार येतो आणि तिचा कल धावत सुटण्याचा असतो. त्यासाठी ‘हळू’ हा शब्द शिकवला आणि तो आता तिला नीट कळतो.

साधनांमध्ये सर्वांत उपयोगी ठरला तो छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस. ओढ बसली तरी गळा आवळत नाही आणि अवघड पायरीवर तिला हलका आधार देता येतो. दोरी दोन मीटरची, न ताणणारी घेतली आहे. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी डोंगरात मला धोक्याची वाटते, कारण ती झुडपात गुंतते आणि झटका बसला की हातातून निसटते.

दोरी न सोडण्यामागे आणखीही कारणे आहेत. सासवड-जेजुरी-सुपे या पट्ट्यातल्या माळरानांवर लांडगा आजही आहे, मेंढरांचे कळप फिरतात आणि त्यांचे राखणदार कुत्रे परक्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाहीत. शिवाय दगडांच्या राशीत नाक घालणे हा मैनेचा स्वभावच आहे, आणि अशाच जागी फुरसे किंवा घोणस असू शकते. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही न करता तिला चालू न देता उचलून न्यायचे आणि थेट दवाखाना गाठायचा. रविवारी उघडा असलेला आणि प्रतिविष ठेवणारा प्राण्यांचा दवाखाना आधी फोन करून निश्चित केला आहे. सोळा किलोचे जनावर दोघांनी चादरीच्या झोळीतून कसे न्यायचे याचा सराव ताई आणि मी टेकडीच्या उतारावर केला. मैना झोळीत शांत पडून राहिली, त्यामुळे मोठी चिंता मिटली.

शेळ्यांजवळून जाण्याचा सराव अजून पुरा झालेला नाही. कळप लांब असताना ती माझ्याकडे पाहते आणि खाऊ घेते, पण अंतर कमी झाले की कान ताठ होतात आणि मी दिलेली हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. असे झाले की अंतर वाढवून पुन्हा सुरुवात करतो.

डिसेंबर

आता उरला उन्हाचा हिशेब. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, अंगातली उष्णता तो मुख्यतः धापेवाटे बाहेर टाकतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा अधिक असते. काळा कातळ तापला की वरून ऊन आणि खालून झळ अशी दुहेरी उष्णता त्याच्या अंगाला लागते, कारण त्याचे पोट जमिनीच्या जवळ असते. म्हणून उजाडताच चढाईला लागायचे, वाटेत हाताची मागची बाजू दगडावर टेकवून पाहायची आणि पाच-सात सेकंद ती ठेववली नाही तर तिथूनच परतायचे. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, लाळ चिकट होणे, हिरड्या लालभडक दिसणे किंवा चाल अडखळणे यांची वाट पाहायची नाही. त्याआधी, ती स्वतःहून सावली शोधू लागली की थांबायचे. त्यातूनही अंग तापलेच तर अंगभर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, पाणी ओतून वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उष्णता आत कोंडते, म्हणून तसे करायचे नाही.

तिच्यासाठी दीड लिटर पाणी वेगळे घेणार आहोत आणि ते दर थोड्या वेळाने वाटीतून थोडे-थोडे द्यायचे आहे. भरल्या पोटी चढ नको म्हणून पहाटे अगदी थोडा भात-अंडे आणि उरलेले उतरल्यावर, असे ठरले आहे. आमच्या पिशवीतही बदल केला. मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि कांदाही त्याला बाधतो, त्यामुळे नेहमीचा सुकामेवा आणि भाकरीसोबतचा कांदा यावेळी घरीच राहील. शेंगदाणे, गूळ आणि साधी भाकरी आम्हाला पुरेशी आहे.

शेळ्यांचा सराव जमला तर जानेवारीतल्या एखाद्या कामाच्या दिवशी निघू, म्हणजे गडावर गर्दी नसेल. तोवर जमला नाही, तर फेब्रुवारीच्या उन्हात घाई न करता मल्हारगड पुढच्या हिवाळ्यावर ढकलून टेकडीवरचे पहाटेचे फिरणे चालू ठेवू.