हत्ती कधी येणार?

"सर्कशीचं आहे का रे हे? हत्ती कधी येणार?"

आई स्वयंपाकघरातून. मी स्पीकरवर राडेट्स्की मार्च लावला होता, एका ऑस्ट्रियन सेनापतीच्या नावाची लष्करी चालीची धून.

"अगं, युद्धातल्या विजयाचं आहे."

"हो का? मेलेलं तर कुणीच दिसत नाही यात," म्हणाली आणि पुन्हा भेंडी चिरायला लागली.

ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळतंय.

जुलै १८४८. इटलीत कुस्तोझाला ८१ वर्षांच्या सेनापती राडेट्स्कीने ऑस्ट्रियाकडून सार्डिनियाच्या राजाचं सैन्य हरवलं. ३१ ऑगस्टला संगीतकार थोरल्या योहान श्ट्राउसने ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, आपण रचलेला हा मार्च वाजवला. स्वरपट्टी डी मेजर, म्हणजे ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोघांनाही लख्ख वाजायला सोयीचा. मधला भाग ए मेजरमध्ये जातो, पण चेहरा हसराच. लय दोनाची, तरी बुटांची धपधप नाही. उड्या मारत चाललेलं कुणीतरी.

व्हिएन्नातल्या नववर्षाच्या मैफलीत तर कंडक्टर चक्क प्रेक्षकांकडे वळून त्यांच्या टाळ्याच कंडक्ट करतो. हळू, आता जोरात! मजा येते, नाही असं नाही. पण टाळ्यांमुळे लय जड होते आणि साइड ड्रम, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा लष्करी ढोल, बुडतो. मी लावलेलं रेकॉर्डिंग स्टुडिओतलं, टाळ्यांशिवायचं. त्यात तो ड्रम स्वच्छ ऐकू येतो, आणि तेवढ्यापुरतं हे लष्कराचं वाटतं.

राडेट्स्कीचं सैन्य त्याच ऑगस्टमध्ये मिलान पुन्हा ताब्यात घेऊन बसलं होतं. आज मिलानमधल्या एखाद्या घरात एक जानेवारीला टीव्हीवर हे लागलं, तर तिथेही टाळ्या वाजत असतील का?