उतरलेल्या सेलचा आवाज

लग्नसराईत माझ्या दुकानात जे येतं ते ठरलेलं असतं. स्पीकरचे फाटलेले कोन, जळालेले आउटपुट ट्रान्झिस्टर, ऑक्टोपॅडचे तुटलेले अडॅप्टर. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकलेला, रात्री वरात, म्हणून प्रत्येकाला संध्याकाळच्या आत माल हवा असतो. अशाच एका दुपारी चोपड्याकडच्या एका बँड पार्टीचा गिटारवाला पोरगा आला, काउंटरवर गिटारचा आवाज बदलणारं पत्र्याचं पेडल ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, याले पुन्हा बिघाडी द्या."

मी म्हटलं, काय झालं ते तर सांग.

"नवा सेल टाका आन् आवाज गया!"

प्रकरण असं होतं. आदल्या आठवड्यात एका वरातीत वाजवता वाजवता पेडलचा नऊ व्होल्टचा सेल उतरत गेला. आवाज फाटायला लागला, सूर मध्येच तुटायचा, शेवटाला चरचरायचा. पोरं त्यावर बेभान नाचली. नवरदेवाच्या मामाने तर नोटा ओवाळल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी इमानदारीने नवा सेल टाकला, तर आवाज गुळगुळीत, सरळ. नशिबाने जुना सेल त्याने फेकला नव्हता. गिटारच्या पाकिटात तारा छेडायच्या पिक्ससोबत ठेवला होता. असलं गिऱ्हाईक मला आवडतं.

पेडल उघडलं. आत दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर-कपॅसिटर, एलईडीसुद्धा नाही. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल तबकडीसारखं, आवाज मुद्दाम फाडणारं फझ फेस पेडल काढलं, त्याच घराण्यातलं हे, कुणीतरी घरी बसून बनवलेलं. मूळ फझ फेसमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर असायचे. लोक आजही त्यांच्या आवाजासाठी झुरतात, पण जर्मेनियममधली करंटची गळती तापमानाच्या साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते. भुसावळच्या उन्हात असलं पेडल दुपारी एक वाजतं आणि रात्री दुसरंच. आपल्याकडे सिलिकॉनच बरं.

जुन्या सेलला मीटर लावला. पेडल न जोडता ७.४ व्होल्ट. पेडल जोडलं की ५.९. म्हणजे दीड व्होल्ट सेलच्या पोटातच जिरत होता. पेडलचा करंट मोजला तर जेमतेम एक मिलिअँपिअर. हिशेब सोपा: सेलचा अंतर्गत रोध दीड किलोओहम झालेला. ताज्या सेलमध्ये तो याच्या तुलनेत काहीच नसतो.

आधी मला वाटलं, ५.९ व्होल्ट दिले की झालं. व्होल्टेज हवं तेवढं ठरवून देणारा एलएम ३१७ घेतला. २२० ओहम, ३३० ओहम आणि त्याच्या सिरीजला एक किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर, मागे बारा व्होल्टचा अडॅप्टर. या जोडणीत व्होल्टेज ३.१ ते ८.८ फिरतं, त्यामुळे पॉट कुणी कितीही पिळला तरी नवाच्या वर जातच नाही. पिनची उलटसुलट मात्र तपासून घेतली. पेडलला मधली पिन निगेटिव्ह लागते, बाजारातले बरेच अडॅप्टर मधली पॉझिटिव्ह देतात.

५.९ वर लावलं. पोराने वाजवलं, मान तिरकी केली. "जवळ से, पण तो नई." खरंच नव्हता. आवाज जाड झाला होता, सूर लवकर मरत होता, पण तारेवर जोरात मारल्यावर जो आचका यायचा तो नव्हता. आणखी उतरवलं. साडेचारच्या आसपास सूर नुसता खुडल्यासारखा तुटायला लागला, त्याच्या खाली पेडल गप्प.

फरक एवढाच होता की एलएम ३१७ आपलं व्होल्टेज सोडत नाही. पेडलने कमीजास्त करंट ओढला तरी ५.९ म्हणजे ५.९. मेलेला सेल तसा ताठ नसतो. तार जोरात छेडली, करंट वाढला, की सेल खाली बसतो, सूर विरला की पुन्हा वर येतो. मग व्होल्टेज ७.४ केलं आणि सिरीजमध्ये दीड किलोओहम टाकला. मीटर तेच ५.९ दाखवत होता, पण पोरगा पहिल्याच फटक्याला उभा राहिला. समोरच्या चहावाल्यानेही वळून पाहिलं.

सप्लायवर सवयीने शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून पाहिला. आचका निम्मा गेला! कपॅसिटर ते चढ-उतार स्वतःच भरून काढतो. काढून टाकला. शेवटी पेडलच्या आतच पाच किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे एकदा फिरवून ठेवायचा छोटा पॉट, बसवला, बाजूला छोटा स्विच. स्विच इकडे केला की प्रीसेट बाद, सरळ सेल. तिकडे केला की मेलेला सेल. ताज्या सेलवर प्रीसेट तीन किलोओहमच्या आसपास ठेवावा लागला.

आता पोराला चेव चढला. झोळीतून त्याचं हिरवं ओव्हरड्राइव्ह, आवाज जरा कमी फाडणारं दुसरं पेडल, निघालं. एलएम ३१७ वरून त्याला सातपर्यंत उतरवलं, फारसं काही बदललं नाही. तिथे सिग्नल डायोडच कापतात, सप्लायपर्यंत पोचायच्या आधीच. आणि फझचा तीन किलोओहम तर त्याला चालणारच नव्हता: ते पाच-सहा मिलिअँपिअर पितं, म्हणजे पंधरा व्होल्ट रेझिस्टरनेच खायचे, पेडलला उरलं काय? प्रत्येक पेडलला त्याच्या करंटप्रमाणे रेझिस्टर वेगळा, हे त्याला कागदावर लिहून दिलं.

त्याच्या डिजिटल डिलेचं, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचं, तर विचारूच नका. आत ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर, त्याला वर दोनेक व्होल्ट जास्त लागतात. सातच्या खाली गेलो तशी स्क्रीन मिणमिणली आणि कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागला. तिथे संगीत नाही, नुसती टकटक.

एवढ्यात त्यांचा कॅसिओवाला आला, वरातीची गाडी बाहेर उभी करून. फझ ऐकला, आणि लगेच, "मना कॅसिओले बी एक स्विच टाकी द्या ना." कॅसिओही आतून डिजिटलच, म्हणून त्याला डिलेची स्क्रीन दाखवली आणि मजुरीचे पैसे गिटारवाल्याकडून घेतले.