प्रयोगशाळेतले सिंक

बहिणीची मुलगी यंदा गावातल्या सरकारी मराठी शाळेतून चौथी उत्तीर्ण होईल, आणि पाचवीला तिला कोठे घालावे यावर आमच्या घरी महिनाभर खल चालू आहे. तालुक्यातल्या दोन शाळांचा विचार आहे. एक केवळ मुलींची, दुसरी मुलामुलींची. मेहुण्यांचे मत असे की मुलींच्या शाळेत शिस्त, हस्ताक्षर, वक्तृत्व हे सगळे चांगले होते, पण विज्ञान मात्र बेताचेच. मी स्वतः पाचवी ते दहावी मुलींच्याच शाळेत शिकून पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली असल्यामुळे या वादात साक्षीदार म्हणून मला उभे करण्यात आले. तेव्हा जेवताना जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलणे कोकणी, वाचणे-लिहिणे मराठी, आणि पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत, अशी तिहेरी वाट असते. चौथीपर्यंत ज्याला मी बाष्पीभवन म्हणत होते, ते जूनमधल्या एका सोमवारी इव्हॅपोरेशन झाले. मराठी शब्दात वाफ होण्याची क्रिया उघड दिसते, इंग्रजी शब्द मात्र पाठच करावा लागला. मी वहीच्या डाव्या समासात मराठी शब्द लिहून ठेवत असे. सातवीपर्यंत तो समास रिकामा होत गेला, याचे मला आजही थोडे वाईट वाटते.

ही अडचण मात्र मुलींच्या शाळेची नव्हती. ती गोव्यातल्या मराठी-कोकणी प्राथमिक शाळांतून आलेल्या सगळ्याच मुलांची होती. आमच्या शाळेचे निराळेपण प्रयोगशाळेत होते. विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर कपाटाची किल्ली आठवीनंतर वर्गातल्या दोघींकडे आळीपाळीने देत असत. काचेची भांडी काढणे, धुणे, फुटलेल्याची नोंद वहीत करणे, स्पिरिटच्या दिव्याची वात कापणे, जड बॅटरी उचलून टेबलावर ठेवणे, ही सगळी कामे आमचीच. दुसरे करणार कोण होते? वर्गात एकही मुलगा नसल्यामुळे 'हे त्यांचे काम' असे काही असते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

गोव्यातल्या पावसाळ्यात प्रयोगशाळा सांभाळणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. जुलैमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचे झाकण जरा सैल राहिले, तर पांढऱ्या गोळ्या हवेतले पाणी ओढून घेऊन चिकट होतात आणि शेवटी स्वतःच त्या पाण्यात विरघळतात. फेरिक क्लोराइडचीही तीच गत. आगपेट्या आम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवत असू, तरी दहापैकी चार काड्या नुसत्या घासल्या जात. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीची जाळी धरू नये म्हणून पेटीत एक लहानसा विजेचा दिवा लावून ठेवलेला असे. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग पुस्तकात धड्याच्या आरंभी होता, म्हणून सिस्टरांनी तो जुलैमध्येच करायला लावला. एकही कपटा हलला नाही. तोच प्रयोग त्यांनी जानेवारीत पुन्हा घेतला, तेव्हा कपटे टपाटप उडाले. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून विद्युतभार निसटून जातो, हे कारण त्यांनी सांगितले नाही. ते शोधायला आम्हांला आठवडाभर दिला.

मला सर्वांत जास्त आठवतो तो नववीतला परासरणाचा, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा, प्रयोग. शाळेच्या व्हरांड्यात ऱ्होइओ या शोभेच्या झाडाची कुंडी होती. त्या पानाची खालची बाजू जांभळी असते. तिची पातळ साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जांभळ्या रंगाने भरलेल्या पेशी फरशा बसवल्यासारख्या ओळीने दिसतात. त्यावर मिठाच्या दाट द्रावणाचे थेंब घातले की काही मिनिटांत तो जांभळा भाग आक्रसतो आणि पेशीभित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. हेच पान आधी उकळून घेतले तर असे काहीच घडत नाही, कारण मेलेल्या पेशीचे पटल काय आरपार जाऊ द्यायचे आणि काय नाही, याची निवड करू शकत नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी मुलगी एकदम म्हणाली, "मगे हीं चेपणीचीं तोरां!" म्हणजे, ही तर मिठात चेपलेली कोवळी आंबेच! सगळा वर्ग हसला, पण तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. कोवळे आंबे आणि जाडे मीठ यांचे थर बरणीत रचून वर दगडाचे वजन ठेवतात. त्यात पाण्याचा एक थेंबही घालत नाहीत, तरी काही दिवसांत बरणीत खारे पाणी भरते आणि तोरे सुरकुततात. ते पाणी येते कोठून, हे आजीला विचारावे असे मला कधी वाटले नव्हते. त्या संध्याकाळी मी तिला विचारले तेव्हा तिने "आंब्यातले, आणखी कुठले?" असे उत्तर दिले आणि माझा सगळा रुबाब उतरवला. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यातली ही ये-जा आमच्या वर्गात सहज होत असे. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सालांचे लाल पाणी खाण्याचा सोडा घालताच निळसर-काळपट होते, हे लिटमसच्या आधीच आम्ही करून पाहिले होते. मुलींना स्वयंपाकातलीच उदाहरणे द्यायची, ही प्रथा मला एरवी आवडत नाही. पण येथे उदाहरणे आम्ही देत होतो, शिक्षिका नव्हे, आणि या फरकाला माझ्या लेखी महत्त्व आहे.

चुकाही आमच्याच असत. दहावीत ओहमच्या नियमाच्या प्रयोगात मी विद्युतप्रवाह मोजणारा अमीटर मंडलात एकसरीत जोडण्याऐवजी रोधाला समांतर जोडला, आणि कळ दाबताच काटा झटक्यात पट्टीच्या टोकाला जाऊन वाकला. सिस्टर आल्या, त्यांनी जोडणी पाहिली आणि एवढेच विचारले, "ही कोणी केली?" मी म्हटले, "मी." त्या म्हणाल्या, "मग काटा का वाकला, तेही तूच लिहून आण." अमीटरचा स्वतःचा रोध अत्यल्प असतो, म्हणून समांतर जोडल्यास जवळजवळ सगळा प्रवाह त्याच्यातूनच धावतो, हे मी तेव्हा जे शिकले ते आजतागायत विसरलेले नाही.

आणखी एक गोष्ट मेहुण्यांसमोर बोलणे मला जड गेले, पण लिहायला हरकत नाही. दहावीतला प्रजननाचा धडा आम्हांला पूर्ण शिकवला गेला, आकृत्यांसह. पहिल्या तासाला खिदळणे झाले, दुसऱ्या तासापासून प्रश्न सुरू झाले, आणि त्यांतले बरेचसे प्रश्न आमच्या घरात कोणीच ऐकून घेतले नसते. मुलामुलींच्या शाळांत शिकलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना तो धडा "घरी वाचा" म्हणून सांगितला होता.

अर्थात सगळे गोड नव्हते. कार्यानुभवाच्या तासाला आम्हांला भरतकाम होते, सोल्डरिंगचे नाव नव्हते. भौतिकशास्त्राची गणिते पायऱ्या पाठ करून सोडवली जात.

मग हायर सेकंडरी आली. तेथे चौघांचे गट होते, आमच्यात दोन मुलगे. पहिल्याच दिवशी त्यांतल्या एकाने ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडण्याची तोटीची नळी, हातात घेतली, दुसऱ्याने द्रावण मोजून घेण्याची पिपेट, आणि माझे अक्षर चांगले म्हणून वही माझ्याकडे आली. कोणी दुष्टपणाने केले नाही. शिक्षकांनाही त्यात वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पहिले तीन आठवडे वाटले नाही. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनात मात्र मी अस्वस्थ झाले. त्यात गरम केलेल्या द्रावणात पडलेल्या पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, पुढचे मात्र पडताक्षणी विरतात, कारण अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात. हे मी वहीत लिहीत होते, पण पाहत होता दुसराच. पुढच्या आठवड्यात मी लवकर जाऊन ब्युरेट स्टँडला लावून उभी राहिले. त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बोटांवर परमँगनेटचे तपकिरी डाग होते आणि ते मेंदीने झाकता येतील का, अशी आईला चिंता होती.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांची हकिगत मी याच काळात वाचली. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, वर्षभर अटींवर काम करून त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, हे वाचून मला फार गंमत वाटली. आमच्याकडे रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, रोज माडावर चढतो, पण भांड्यात साठते ती नीरा दुपारपर्यंत आंबून सूर, म्हणजे माडी, होते, आणि तिच्यातल्या जीवनसत्त्वांचा विचार करत कोणी ती पीत नाही.

मेहुण्यांना मी शेवटी इतकेच सुचवले की शाळेचा निकाल किंवा बोर्डातले क्रमांक विचारू नका, प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा, आणि सिंक पाहा. बहीण गेल्या शनिवारी दोन्हीकडे जाऊन आली. मुलींच्या शाळेत सूक्ष्मदर्शक अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहेत आणि सिंक लख्ख पांढरे आहे. दुसऱ्या शाळेतल्या सिंकला जुने तपकिरी डाग आहेत, बाटल्यांवरची लेबले मुलांनी हाताने लिहिलेली आहेत, पण आमच्या गावातून तेथे जाणारी बस सकाळी एकच, तीही सव्वासहाला. मेहुणे आता बसबद्दल विचार करत आहेत.