पिवळ्या टाकुमारवर अखेर बोली लागली

सुटली एकदाची! ईबेवरच्या लिलावातून बोलीविना परत येणारी माझी जुनी पेंटॅक्सची कॅमेरा-लेन्स, सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४, या खेपेला विकली गेली, तीही राखीव किंमत (याखाली विकणार नाही अशी अट) न लावता. शेवटच्या मिनिटात दोघांची जुंपली आणि भाव पाहता पाहता माझ्या अंदाजाच्या वर गेला. अजून हात थरथरतायत.

माझ्या दुसऱ्या जुन्या लेन्सचं, हेलिओस ४४-२ चं, आधी सांगून मोकळा होतो. यादीत टाकली, बोल्या आल्या, गेली. तिच्या पोर्ट्रेटमधल्या भोवऱ्यासारख्या धूसर पार्श्वभूमीचे चाहते एवढे आहेत की विकणाऱ्याला फार काही करावं लागत नाही.

टाकुमारने मात्र घाम काढला. सात भिंगांची आवृत्ती, म्हणजे मागच्या गटात थोरियमची काच, आणि वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने चढलेला चहासारखा पिवळा रंग. लक्ष ठेवणारे वाढत होते, बोली मात्र शून्य. येणारे प्रश्न एकाच वळणाचे: बुरशी आहे का, भिंगांमधला गोंद सुटलाय का, डाग पुसला जाईल का? लोकांना लेन्स हवी होती, पण काचेचा भरवसा वाटत नव्हता.

म्हणून ती अतिनील दिव्याखाली ठेवली. मागचं झाकण काढून प्रकाश मागूनच द्यायचा, कारण थोरियमची काच तिथे आहे. समोर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावायची. दिवा लहान एलईडीचा घ्या. मोठे दिवे तापतात आणि हेलिकॉइडमधलं (फोकस करताना फिरणाऱ्या आट्यांमधलं) ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर उतरण्याची भीती असते. उजेडाकडे थेट बघू नका. रंग हळूहळू उतरतो, अधूनमधून पांढऱ्या कागदावर धरून बघत राहायचं. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही फोटो यादीत टाकले. थोरियमचा उल्लेखही वर्णनात स्पष्ट केला. ज्याला ही काच घरात नको असेल त्याने आधीच बाजूला व्हावं.

खरा फरक पडला तो टॉर्चच्या फोटोने. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि मागून तिरपा प्रकाश टाकायचा. धुरकट थर, बुरशीचे तंतू, कोटिंगवरचे ओरखडे, जे असेल ते उघडं पडतं. माझ्या लेन्सच्या पुढच्या काचेवर कडेला एक बारीक ओरखडा आहे. तो फोटो दुसऱ्या क्रमांकावर लावला आणि वर्णनाची सुरुवातच त्याने केली. बुरशीचे प्रश्न थांबले, पाठवणी कशी कराल असे प्रश्न सुरू झाले. विकत घ्यायचं ठरवलेला माणूसच हे विचारतो.

यातून लिलावाचं गणितही नीट उमगलं. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम देऊन ठेवतो, आणि यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर एक पायरी चढवून थांबते. म्हणजे भाव ठरवतो तो हरणारा. एकाच गिऱ्हाईकाची खात्री पटली तर वस्तू सुरुवातीच्या किमतीलाच जाते. दोघांची पटावी लागते. शीर्षकातल्या ८० अक्षरांत ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’ असले शब्द भरणं मला म्हणूनच पटत नाही. मॉडेल, फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, एम४२ माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसवायची आट्यांची जोडणी). शोधणारा हेच टाइप करतो आणि तो दुसरा माणूस इथूनच येतो.

शेवटच्या क्षणी बोल्या येतात म्हणून हवालदिल होऊ नका. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं होतं की वेळ ठाम संपणाऱ्या ईबेवर उशिरा बोली लावण्याचं प्रमाण जास्त होतं. अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदत वाढायची, तिथे ते कमी होतं. गिऱ्हाइकं जागी असतील अशा वेळी लिलाव संपेल एवढं बघा, बाकी बोली लावणाऱ्यांवर सोडा.

पॅकिंगबद्दल माझं मत बदललेलं नाही: बबल रॅपच्या पाकिटावर भागवू नका, दोन खोके एकात एक. दोन्ही झाकणं टेपने पक्की करा.

आता पुढचं. पेंटॅक्सच्या स्पॉटमॅटिक या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची बॉडी आणि १३५ मिमी लेन्स एकत्र गठ्ठ्याने विकायला काढायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की गठ्ठा नकोच. बॉडी हवी असलेल्याला लेन्स नको असते आणि लेन्सवाल्याला बॉडी, म्हणजे दोन्हीकडचा दुसरा बोली लावणारा गळतो. वेगवेगळेच काढतो. १३५ सोबत ती आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसवणारा एम४२ अ‍ॅडॉप्टर द्यावा का? नको, तो एकाच कंपनीच्या माउंटचा असणार आणि बाकीचे मागे हटतील. त्यापेक्षा ती लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर लावून काढलेले दोन नमुना फोटो टाकतो. बॉडीच्या शटरचा प्रत्येक वेगावरचा आवाज व्हिडिओत घ्यायचाय, पण १/१००० बरोबर चालतोय हे आवाजावरून पटवता येत नाही. मागचं दार उघडून, उजेडासमोर धरून, पडदा सरकताना मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये टिपून बघतो. कुणी हे केलं असेल तर फ्रेम-रेट किती ठेवला तेवढं सांगा.