उपास सोडताना

"सिस्टर, उपासात चांगले होते जी हे. जेवाले लागले अन् बिमार पडले." त्या बाईच्या एका वाक्यातच निम्मं निदान होतं.

ईस्टर नुकताच झाला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात तिनं भर दुपारी नवऱ्याला आणलं, सोबत पुतण्या. माणूस पन्नाशीचा, शेतमजूर, गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारी प्रार्थना चालवणारा. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, शेवटचे तीन आठवडे त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ईस्टरच्या आराधनेनंतर मटण, भात, बुंदी असं पोटभर जेवण झालं. दुसऱ्या दिवशी हातापायांना मुंग्या, मग धाप. गावात कोणीतरी अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावली आणि त्यानंतर जास्तच बिघडलं.

वजन 44 किलो. पिंढऱ्या वाळलेल्या, पावलं मात्र सुजलेली. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. नाडी जलद, मध्येच एखादा ठोका चुकणारी. पुतण्याचं एकच चालू होतं, "सिस्टर, पयले बाटली लावा." आमच्या भागात बाटली लागली की उपचार झाला, अशीच लोकांची समजूत. मी डॉक्टर मॅडमना बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "थायमिन आहे ना?" होतं. थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व; दारू सोडायला आलेल्यांसाठी आम्ही ते ठेवतो. आधी ते इंजेक्शन, मग ऑक्सिजन, ईसीजी आणि 108 ला फोन.

हे का होतं ते प्रत्येक उपास करणाऱ्याला माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यकृतातला साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपतो. मग शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि हळूहळू मेंदूही बराचसा त्यांच्यावर चालू लागतो. काही दिवसांनी भूक मरते, त्यात त्यांचा हात असतो. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो तो त्यामुळेच. तो या रुग्णाच्या बायकोच्या लक्षात आला होता. पण याच काळात स्नायू झिजत असतात, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार आटत असतात, थायमिन संपत आलेलं असतं. अशा शरीरात एकदम भात आणि गोड गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं. हृदय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागतात. मीठ-पाणी अंगात साठतं, म्हणून सूज. ग्लुकोजची बाटली हेच काम थेट शिरेतून आणखी लवकर करते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. उपासमारीत तगलेली माणसं जेवण मिळाल्यावर दगावली.

गाडीची वाट बघताना ते थांबत थांबत बोलत होते. सगळे उपासाला दोष देतायत याचंच त्यांना जास्त लागलं होतं. "पयले चार दिवस डोकं फुटे, राग ये. मंग सारं शांत झालं. भावासंग धुऱ्याचं भांडण होतं, दहा वर्सं बोलनं नाई. एका राती उठून त्याच्या घरी गेलो, माफी मांगतली." कडेला उभा असलेला पुतण्या त्याच भावाचा मुलगा होता.

मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, थो देव होता का नुसता अशक्तपना?"

मीही ख्रिस्ती घरातली. उठताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी, मार्चच्या उन्हात वाजणारी थंडी, रात्रीची उडालेली झोप हे शरीराचं, ते मी समजावू शकते. दहा वर्षांचं वैर मिटवायला त्यांचा पाय घराबाहेर पडला, ते कीटोनमुळे असं मी म्हणणार नाही. त्यांनाही हेच सांगितलं.

यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तपासणीत फॉस्फेट खूप कमी निघालं. तिथे त्यांना चमच्या-चमच्यानं पेज सुरू केली. 10 दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त 10 कॅलरी द्यायच्या, 15 दिवसांहून जास्त झाले असतील तर फक्त 5, म्हणजे यांना 220, आणि मग चार ते सात दिवसांत वाढवत न्यायच्या, असा दंडक आहे. बायकोचा जीव तुटत होता. "एवढ्यात लेकराचं बी पोट नाई भरे जी!" पण तिनं एक चमचाही जास्त दिला नाही.

पुढच्या लेंटच्या आधी पाळकांनी मला मंडळीपुढे बोलायला बोलावलं. मी बायबलच घेऊन गेले. दानीएलचे तीन आठवडे म्हणून आपल्याकडे जो उपास धरतात, त्याबद्दल दानीएलच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात त्यानं पक्वान्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केल्याचं लिहिलंय. काहीच खाल्लं नाही असं नाही. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूनं लगेच सांगितलं, हिला खायला द्या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तीन दिवस उपाशी राहिलेला तो मिसरी माणूस भाकर, पाणी, अंजिराच्या ढेपेचा एक तुकडा आणि थोड्या मनुका एवढ्यावर सावरला.

एक आजी उठून म्हणाल्या, "प्रभूनं तं चाळीस दिवस केला ना?" केला. पण मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे देवदूत येऊन त्याची सेवा करतात. तुमची सेवा कोण करणार, आठवडाभर पेज कोण रांधून देणार, हे उपास धरायच्या आधी ठरवा, असं मी म्हटलं. पाळकांनी तिथल्या तिथे नियम केला की पाण्यावरचा लांब उपास कोणी गुपचूप धरायचा नाही आणि गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या घेणाऱ्या काही बायका सभेनंतर थांबल्या. उपास अजिबात करू नका म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. दोन्ही वेळा जेवायचं, मधला चहा-फराळ आणि टीव्ही सोडून त्या वेळेत प्रार्थना करायची, आणि जेवणात काहीही बदल करायचा असेल तर आधी मॅडमना विचारून गोळ्या ठरवून घ्यायच्या, असं त्यांनी कबूल केलं.